अर्ध्या तासासाठी तहकूब

मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला, छत्तीस बिऱ्हाडांची एक सोसायटी आहे. तिची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी भरते. ३० सप्टेंबरच्या आत ती घ्यावीच लागते आणि शेवटच्या रविवारच्या आधी कोणाला तिची आठवण होत नाही. जागा ठरलेली, स्टिल्टखालचं पार्किंग. दोन स्कूटर ढकलून भिंतीला लावायच्या आणि गणपतीतल्याच प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायच्या. दहाच्या ठोक्याला अकरा सभासद हजर असतात. सेक्रेटरी घड्याळ बघतात, खाकरतात आणि जाहीर करतात, "कोरम नाही. सभा अर्ध्या तासासाठी तहकूब."

मग सगळे तिथंच बसून राहतात.

उपविधींप्रमाणे कोरम म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतला जो आकडा कमी तो. रविवारी सकाळी वीस माणसं जिना उतरून खाली येणं ही मुलुंडमध्ये फक्त भूकंपात घडणारी गोष्ट. त्यामुळे नोटिशीतच छापलेलं असतं, की कोरम न भरल्यास हीच सभा याच जागी साडेदहाला भरेल आणि तेव्हा तिला कोरमची अट राहणार नाही. नोटिशीतलं हे एकच वाक्य सभासद नीट वाचतात.

प्रस्तुत लेखक त्या अकरांपैकी एक. त्याला हिशेबात रस नाही, लिफ्टच्या कंत्राटात तर नाहीच. तो येतो तो या फुकट मिळालेल्या अर्ध्या तासासाठी. त्याला इंग्रजी शब्दांचा नाद आहे. मराठी शाळेत शिकून तर्खडकरांच्या पाठमालेवर पोसलेल्या माणसाला इंग्रजी शब्द अजूनही पाहुण्यासारखा वाटतो. त्याला आधी पाणी द्यावं, मग विचारावं, गाव कुठलं, आडनावाचे मूळचे कुठले. लहानपणापासून इंग्रजीतच वाढलेल्यांच्या नशिबी ही चैन नाही. घरच्या माणसाला कोणी गाव विचारतं का?

आता असे शब्द लोकांना शेक्सपिअरमध्ये भेटतात म्हणे. उपनगरातल्या माणसाला ते भेटतात मेंटेनन्सच्या बिलात, गृहकर्जाच्या कागदांत आणि बिल्डरच्या ऑफर लेटरमध्ये. 'कोरम' हाच घ्या. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'ज्यांच्यापैकी'. जुन्या इंग्लंडात न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या सनदेत एक लांबलचक लॅटिन वाक्य असे, ज्यांच्यापैकी तुम्ही अमुक एक असावं अशी आमची इच्छा आहे, वगैरे. वाक्य काळाच्या ओघात वाहून गेलं आणि षष्ठीतलं एक पोरकं सर्वनाम काठाला लागलं. म्हणजे सेक्रेटरीसाहेब दरवर्षी भारदस्त आवाजात सांगतात ते मुळात इतकंच, 'ज्यांच्यापैकी नाही.'

यंदा सुरुवात तळमजल्यावरच्या काकांनी केली. त्यांनी खिशातून बिलाची घडी काढली, मांडीवर सरळ केली आणि चष्म्याची काडी एका रकान्यावर टेकवली.

"हा सिंकिंग फंड. सिंकिंग म्हणजे बुडणारा ना? मग बुडीत खात्यात दर महिन्याला पैसे भरायला मी काय वेडा आहे?"

"काका, इमारत बुडू नये म्हणून तो फंड," खजिनदार म्हणाले. "बांधकामाच्या खर्चाच्या पाव टक्का, दरसाल. उपविधीत आहे."

"मग त्याला तरंगता फंड म्हणा."

काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पण त्या शब्दात बुडतं ते वेगळंच. बुडवायचं असतं कर्ज. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या डोक्यावर लढायांचं देणं साचलं होतं. ते हळूहळू तळाला जावं म्हणून दरसाल काही रक्कम बाजूला काढायची योजना रॉबर्ट वॉल्पोलने आखली आणि १७१७ साली तिचा कायदा झाला. ब्रिटनचा पहिला पंतप्रधान म्हणतात तो हाच. फंड पुढे चांगला फुगला, आणि फुगलेल्या फंडाचं जे सगळीकडे होतं तेच झालं. त्यातले पैसे भलत्याच खर्चाला वळवले गेले, तेही वॉल्पोलच्याच कारकिर्दीत. हे ऐकताच काकांनी खजिनदारांकडे अशा नजरेनं पाहिलं, की त्यांनी चहा सांगायला म्हणून खुर्ची सोडली.

खरी गंमत पुढेच आहे. त्याच १७१७ साली वॉल्पोलच्या घरी शेंडेफळ जन्माला आलं, होरेस. बापाने आयुष्यभर हिशेब केले. मुलाने भुताखेतांची कादंबरी लिहिली, नवाच्या नवा जुनाट वाडा बांधला आणि हजारो पत्रं लिहिली. २८ जानेवारी १७५४ला फ्लॉरेन्समधल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने एक नवा शब्द घडवून टाकला, सेरेन्डिपिटी. सेरेन्दिपच्या तीन राजपुत्रांची एक फारशी गोष्ट त्याच्या वाचनात आली होती. हे राजपुत्र शोधायला जात एक आणि योगायोगाने, पण स्वतःच्या हुशारीनेही, त्यांच्या हाती लागे दुसरंच. या प्रकाराला नाव हवं म्हणून त्याने गोष्टीतलं बेटच उचललं. सेरेन्दिप म्हणजे श्रीलंका, आणि जाणकारांच्या मते ते नाव आपल्या सिंहलद्वीपाचंच अरबी-फारशी तोंडात घोळलेलं रूप.

म्हणजे बघा, सोसायटीच्या बिलातला सिंकिंग फंड शोधायला निघावं आणि हाती सिंहलद्वीप लागावं. यालाच सेरेन्डिपिटी म्हणतात, असं प्रस्तुत लेखकाने उठून सांगितलं. त्यावर काकांनी विचारलं, "ते ठीक आहे. पण पाव टक्का कमी होणार का?"

एव्हाना चहाबरोबर वडापावही आले होते. चौथ्या मजल्यावरच्या तरुणाने नुकतंच वीस वर्षांचं गृहकर्ज काढलं आहे, त्यामुळे त्याला गंभीर शब्दांची आवड निर्माण झाली आहे. त्याला 'मॉर्गेज' दिला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'मेलेलं गहाण'. सतराव्या शतकातल्या एका इंग्रज कायदेपंडिताने त्याचा उलगडा असा केला, की कर्ज फिटलं तर सावकाराच्या दृष्टीने गहाण मेलं आणि नाही फिटलं तर ऋणकोच्या दृष्टीने जमीन मेली.

"आणि ऋणको?" त्याने विचारलं. "तो कधी?"

त्याला दुसरा वडापाव देण्यात आला.

पण मुंबईच्या उपनगरांनी इंग्रजीतला कोणता शब्द जिवापाड जपला असेल तर तो 'फंजिबल'. लंडनमध्ये तो वकिलांनाच ठाऊक असेल. इथं बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही रिडेव्हलपमेंटच्या बैठकीत तो भाजीवालीच्या 'कोथिंबीर'इतक्या सहज निघतो. झालं असं, की पूर्वी बाल्कनी, फ्लॉवरबेड, कोनाडे या गोष्टी एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल त्या मापात, मोजत नसत. त्यामुळे ज्याने जन्मात तुळस लावली नाही अशा बिल्डरच्या नकाशातही प्रत्येक खिडकीखाली फ्लॉवरबेड उगवे, आणि ताबा मिळाला की त्या बागेवर लाद्या बसून बेडरूम दोन फुटांनी वाढे. जानेवारी २०१२मध्ये नियमावली बदलली. हे सगळं मोजायचं ठरलं आणि बदल्यात प्रीमियम भरून जास्तीचा एफएसआय द्यायचा, घरांना ३५ टक्क्यांपर्यंत आणि दुकानं-कचेऱ्यांना २० टक्क्यांपर्यंत. तो बाल्कनीत वापरा नाहीतर दिवाणखान्यात, म्हणून फंजिबल. एकाच्या जागी दुसरा चालतो असा. कायद्यात तांदूळ फंजिबल, नोटा फंजिबल. उसना घेतलेला वाटीभर तांदूळ परत करताना तेच दाणे द्यावे लागत नाहीत.

हे सगळं गेल्या वर्षी याच अर्ध्या तासात समजावून झालं होतं. तरी सर्वात वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मनातून बुरशी गेली नव्हती. त्यांचाही दोष नाही. हा शब्द ज्या लॅटिन क्रियापदापासून निघाला ते 'फुंगी', म्हणजे काम पार पाडणं. आणि बुरशीला लॅटिनमध्ये 'फुंगस', तिचं अनेकवचन 'फुंगी'. स्पेलिंग एक, नातं काही नाही, एकाच मजल्यावरच्या दोन देशपांड्यांसारखं. आणि एफएसआयला आपल्या सरकारी मराठीत शब्द आहे चटईक्षेत्र निर्देशांक! ज्याने तो घडवला त्याला दंडवत. कोटीकोटींचे व्यवहार करून शेवटी चटई पसरण्यापुरती जागा, हे त्याने किती आधी ओळखलं होतं.

नववीतली एक मुलगी आजीला खाली सोडायला आली होती, तिने तिचं अस्त्र काढलं. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. एका दमात. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये शशी थरूर यांनी आपल्या पुस्तकाची घोषणा करताना हा २९ अक्षरी शब्द वापरला आणि घरोघरच्या पोरांना पाहुण्यांपुढे म्हणायला नवीन रामरक्षा मिळाली. अर्थ, एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. लॅटिन व्याकरणात तुच्छता दाखवणारे चार शब्द ओळीने दिलेले असत, लोकरीचं कुसळ, टरफल, काही नाही आणि एक केस. अठराव्या शतकातल्या कोणा टवाळाने ते चारही एकापुढे एक जोडले. आपल्याकडे 'कस्पटासमान' एवढ्यात काम भागतं. बिल्डरची गेल्या वर्षीची ऑफर काकांनी 'हॅट' एवढ्यावर भागवली होती.

तेवढ्यात गेटातून पाण्याचा टँकर आत शिरला आणि खुर्च्या उचलून सगळे भिंतीशी सरकले. टँकरवाला पाइप जोडेपर्यंत पाच मिनिटं गेली, ती वाया घालवणं पाप होतं. मराठीतलं 'टाकं', गुजरातीतलं 'टांकुं', म्हणजे पाणी साठवायचा हौद. इंग्रजांनी इथं येऊन हा शब्द उचलला, त्याला वाटेत पोर्तुगीजांचीही फोडणी बसली असावी, आणि 'टँक' झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी पोलादी रणगाडे बनवले. गुपित फुटू नये म्हणून ती पाण्याची टाकी आहेत अशी थाप मारली, आणि थापेचंच नाव कायम झालं. असा टाक्याचा टँक होऊन, लढाई मारून, शेवटी टँकर होऊन तो मुलुंडला परत आला, आणि प्रत्येक खेपेला पैसे मागतो. 'चाळ' मात्र गेली ती गेली. ऑक्सफर्डने २०२०मध्ये विद्यार्थ्यांसाठीच्या कोशाची दहावी आवृत्ती काढली तेव्हा तिला आत घेतलं. चाळ गिरगावातून ऑक्सफर्डला गेली आणि चाळकरी मुलुंडला आले.

साडेदहाला दोन मिनिटं कमी असताना कंपाउंडच्या भिंतीवरून काहीतरी तपकिरी सळसळत गेलं, मागोमाग दुसरं. नॅशनल पार्क इतक्या जवळ म्हटल्यावर त्यात नवल नाही. मुलीच्या आजींनी हात जोडले. "मुंगूस दिसलं हो. चांगला शकुन. सभा भांडणाशिवाय होणार."

"दोन होती, आजी. मंगीस," मुलगी म्हणाली. "गूसचं अनेकवचन गीस."

अशा संधीची प्रस्तुत लेखक वर्षभर वाट बघतो. इंग्रजीतल्या मंगूसचा बदकाच्या जातभाईंशी काडीचा संबंध नाही. तो थेट आपल्या मुंगसावरून गेला, म्हणून तिकडे अनेकवचन मंगूसेस आणि इकडे मुंगसं. हे सांगायला तो उठला, पण घड्याळात साडेदहा वाजले आणि सेक्रेटरी खाकरले. अकरांपैकी नऊ उरले होते, दोघे वडापाव संपताच वर गेले होते.

विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. सेक्रेटरींनी मिनिट बुक उघडलं. गेल्या वर्षीचं इतिवृत्त कॉम्प्युटरवर टाइप झालं होतं आणि कॉम्प्युटरने आपल्या अकलेने काही शब्द सुधारले होते. सेक्रेटरी एका लयीत वाचत गेले, "...पुनर्विकासात सभासदांना ३५ टक्के फंगल एरिया मिळावा, असे सर्वानुमते ठरले. सूचक?"

काकांनी हात वर केला.

"अनुमोदक?"

"मीच," वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "आम्हाला तर या पावसाळ्यातच मिळालाय. बेडरूमच्या छताला, चांगला पन्नास टक्के."