सगळा पैसा थांबायला

अहो वहिनी, जरा इकडे या. राहू द्या तो शेवगा, संध्याकाळी काढा. कोपऱ्यावरच्या बंगल्यातला धाकटा पुन्हा चेन्नईला निघालाय. त्या पोलो गाडीला घेऊन! हो, तीच. आपल्या चाकणला बनायची, २०२२मध्ये बंद झाली, म्हणून तर एवढा जीव तिच्यावर.

लग्नकार्य नाही, नोकरीचं काम नाही. ट्रॅक डे आहे म्हणे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, नाव घेताना माझी कवळी हलते. तिथे १९९०पासून शर्यतीचा ट्रॅक आहे, ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. पैसे भरायचे आणि आपलीच गाडी पळवायची. समोरून कोणी येत नाही, म्हैस नाही, स्पीडब्रेकर नाही. मी विचारलं, मग जिंकतं कोण? तर म्हणतो, काकू, कप-बिप काही नसतो, आपलीच आधीची वेळ मोडायची. घ्या! आणि त्यासाठी इथून प्राधिकरणातून हजाराच्या वर किलोमीटर जायचं. कोइमतूरलाही आहे एक. नोएडाकडचा तर पाच किलोमीटरच्या थोडा वर, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. पण याचं मन चेन्नईत.

मला वाटायचं, इंजिनात काहीतरी घालून घेतलं असणार. त्याच्या आईचीही तीच समजूत. आमचे हे टेल्कोतले ना, राहवलं नाही, गेले बघायला चहाच्या निमित्ताने. दोन तास आलेच नाहीत! आले ते म्हणतात, पोरगं शहाणं आहे, सगळा पैसा थांबण्यावर घातलाय. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायर. मी म्हटलं, पळवायला निघालाय आणि खर्च थांबायचा? तर मला पाऊण तास वर्गच घेतला. ब्रेक ऑइल म्हणे पावसाळ्यातल्या उघड्या मिठासारखं हवेतलं पाणी ओढतं. कोरं डॉट फोर २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की १५५ला उकळायची भीती. ट्रॅकवर दर वळणाला करकचून ब्रेक, ऑइल तापून वाफ झाली की पेडल सरळ तळाला. दाबा किती दाबायचं ते, गाडी थांबत नाही. म्हणून दर खेपेला शेवटची फेरी सावकाश मारायची, ब्रेकना वारा लागू द्यायचा. आणि उभी केल्यावर तापलेल्या चाकांवर हँडब्रेक ओढायचा नाही. परवा त्याच्या चाकाखाली वीट बघून तुम्ही म्हणालात ना, हँडब्रेक गेलाय वाटतं? गेलाबिला काही नाही, तिथली सवय इथे आलीय.

टायरचंही तसंच. तापले की आतली हवा फुगते, म्हणून ट्रॅकवरून उतरला की गेज लावून थोडी सोडायची. आणि गाडी पुढे काढायची ती सरळ पट्ट्यावर, तेही पुढच्याने खूण केली तरच! आपल्या भक्ती-शक्ती चौकात असं कोणी वागलं तर मी साखर वाटेन.

नाहीतर तो मागच्या गल्लीतला बघा. ट्रॅक कशाशी खातात माहीत नाही, पण सायलेन्सर काढून रात्री फटफट सुरू. २०१९मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, कंपनीच्या मूळ नोंदीला सोडून गाडीत बदल करायचा नाही. त्याला कोण सांगणार? आपल्या पोलोवाल्याच्याही मनात गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये काही करून ताकद वाढवायचं होतं, ह्यांनीच अडवलं. म्हणाले, आधी हात बसू दे.

एक सांगू? कोणाला बोलू नका. शर्यत, वेगाची चाचणी यांत गाडी ठोकली तर विमा भरपाई देत नाही, पॉलिसीतच लिहिलेलं असतं. तिथे भिंतीला लावली तर सगळा खर्च घरचा. त्याच्या बायकोला पत्ता नाही. तिला वाटतं, इतका प्रीमियम भरतो म्हणजे सगळं सुरक्षित.

मी सांगितलं असतं हो तिला. पण आता कुठल्या तोंडाने सांगू? काल तो ह्यांच्या डोक्याचं माप घेऊन गेला. हेल्मेटसाठी! गुडघ्याच्या डॉक्टरांची तारीख पुढे ढकललीय आमच्याकडे, बाजूच्या सीटवर बसायला निघालेत.

दूधवाला आला वाटतं. आणि ऐका, शेंगा चार इकडेही द्या, वाटेसाठी डबा करायचाय.