तेरा अक्षरांचं गुपित

जपानात माफी मागण्याचंही एक शास्त्र आहे. किती वाकायचं, किती वेळ वाकून राहायचं, हे सगळं ठरलेलं. ओसाका आणि कोबे यांच्या मधे वसलेल्या अमागासाकी शहराच्या पालिकेनं २३ जून २०२२ रोजी पत्रकार परिषद घेऊन हे शास्त्र यथासांग पाळलं. शहरातल्या झाडून सगळ्या रहिवाशांची, म्हणजे सुमारे ४ लाख ६० हजार माणसांची माहिती हरवली होती. आपल्याला वगळलं म्हणून रुसायला एकही नागरिक उरला नव्हता.

कुणी परदेशी हॅकरनं रातोरात तटबंदी फोडली होती, असं नव्हे. माहिती पिशवीत होती आणि पिशवी हरवली होती.

उत्पन्न कमी म्हणून रहिवासी कर माफ असलेल्या कुटुंबांना कोविडकाळात सरकार रोख मदत देत होतं. त्या वाटपाचं काम पालिकेनं बिप्रोजी या कंपनीला दिलं होतं. २१ जूनला, मंगळवारी, त्या कामावरचा एक माणूस नावं, पत्ते, जन्मतारखा, कराचे तपशील आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांचे बँक खाते क्रमांक पेनड्राइव्हवर घेऊन जवळच्या सुइता शहरातल्या कॉल सेंटरमध्ये गेला. खबरदारी म्हणून दुसऱ्या पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत होती, आणि दोन्ही एकाच पिशवीत. काम झाल्यावर माहिती पुसून टाकायची होती. ती पुसली गेली नाही. मग सहकाऱ्यांबरोबर जेवण झालं, पिणं झालं आणि घरी जाता जाता रस्त्यातच झोपही झाली. पहाटे जाग आली तेव्हा पिशवी नव्हती. गाव झोपलं की चोराचं फावतं असं म्हणतात. इथं एकच माणूस झोपला आणि अख्खं गाव गेलं.

पण ही कथा ज्यासाठी जगभर गेली तो प्रसंग पत्रकार परिषदेतला. पेनड्राइव्हला कुलूप आहे का, असा प्रश्न येणारच होता. आहे, माहिती सांकेतिक रूपात आहे आणि पासवर्डही आहे, असं उत्तर आलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण लोकांना धीर द्यायचा तर हातचं राखून कशाला, अशा सद्भावनेनं अधिकाऱ्यानं पुढं सांगून टाकलं की पासवर्ड तेरा अक्षरी आहे, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून. जपानी जनतेनं बोटं मोजली. शहराचं नाव रोमन लिपीत लिहिलं तर नऊ अक्षरं होतात. सालाचे आकडे चार. नऊ अन् चार तेरा! ‘अमागासाकी२०२२’ ट्विटरवर गाजू लागलं. पासवर्ड खरंच तो होता का, हा मुद्दा गौण. तिजोरी हरवल्याची दवंडी पिटताना किल्लीला दात किती, हेही सांगणारी पालिका विरळाच.

पिशवी २४ तारखेला सुइतामधल्याच एका निवासी इमारतीच्या आवारात सापडली. दोन्ही पेनड्राइव्ह आत होते. मग दुसरा शोध सुरू झाला: झोपलेला माणूस नेमका कुणाचा? आधी सांगण्यात आलं, सहयोगी कंपनीचा. २६ तारखेला दुरुस्ती आली, तो ठेकेदाराच्या पोटठेकेदाराच्याही पोटठेकेदाराचा. या पोटातल्या पोटाला पालिकेची संमती कुणी घेतलीच नव्हती. जपानी वाचकांना याचा धक्का बसला म्हणतात. रस्त्यावरच्या खड्ड्याचा मालक कोण, हे शोधत आपल्याकडच्या वॉर्ड ऑफिसात चकरा मारलेल्या माणसाला त्यात नवल वाटू नये.

त्याच मदत योजनेत, त्याच वर्षी, यामागुची प्रांतातल्या अबू या छोट्या गावानं ४६३ कुटुंबांना वाटायच्या रकमेची यादी बँकेला फ्लॉपी डिस्कवर दिली होती. होय, फ्लॉपीवर. ती चुकली नाही. चुकला तो सोबत गेलेला एक कागद, आणि त्यामुळे ४ कोटी ६३ लाख येन एकाच माणसाच्या खात्यात जमा झाले. त्यानं ते ऑनलाइन जुगारात उडवले.

हसून झालं असेल, तर थोडं घरी येऊ. आपल्याकडे माहिती हरवायला ना पिशवी लागते, ना दारू. बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’नं मे २०१७ मध्ये दाखवून दिलं की रोजगार हमी, पेन्शन अशा कामांच्या अवघ्या चार सरकारी संकेतस्थळांवर सुमारे १३ कोटी आधार क्रमांक आणि कोट्यवधी बँक खात्यांचे तपशील कुणालाही वाचता येतील असे मांडून ठेवलेले आहेत. पासवर्डची अक्षरं मोजण्याचा त्रासही नाही. यावर आधार प्राधिकरणानं अहवाल लिहिणाऱ्या संस्थेलाच पत्र धाडून माहिती कुणी मिळवली, याचा तपशील मागितला. दार सताड उघडं आहे, असं सांगणाऱ्यालाच विचारायचं, तुम्ही आत डोकावलात कशाला? पुढं अहवालातला ‘गळती’ हा शब्दही बदलला गेला. गळायला आधी काहीतरी झाकलेलं असावं लागतं, हे खरंच.

एप्रिल २०२२ पासून मात्र केंद्राचा कडक आदेश आहे: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. कळवायचं ते ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला. ज्याची माहिती गेली त्याचा या सहा तासांत समावेश नाही. त्यालाही सांगा, असं म्हणणारा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि नागरिकाला कळवण्याची तरतूद लागू व्हायला त्यांत १८ महिन्यांची मुदत दिली आहे. अमागासाकीकरांना त्यांची पिशवी हरवल्याचं दुसऱ्याच दिवशी समजलं होतं.