पस्तिसाचा भाव

गुरुपुष्यामृत आलं की आई सकाळीच देवपूजा आटोपून दारात उभी राहते आणि मला एवढंच म्हणते, "चल." कुठे, ते विचारायचं नसतं. मी स्कूटर काढतो, सराफ बाजाराच्या बोळात ती लावायला जागा शोधण्यात अर्धा मुहूर्त जातो, आणि उरलेल्या अर्ध्यात आई एक ग्रॅमचं नाणं घेते. चोख चोवीस कॅरेटचं.

दागिन्यांवरून तिचं मन उडालंय. "करताना घडणावळ जाते, मोडताना घट जाते. नाण्यात कसली भानगड नाही." नाण्यालाही घडणावळ पडते, पण ती पावतीत असते आणि पावती आई वाचत नाही. बावीस कॅरेट म्हणजे ९१६, बाकीचे हजारातले चौऱ्याऐंशी भाग भलतेच, हे कळल्यापासून ती स्वतःच्या पाटल्यांकडेही संशयानं बघते. नाणं मात्र ९९९. उरलेला एक भाग कशाचा, असं मी विचारलं, तर म्हणाली, "जीएसटीचा."

हे नाणं प्लास्टिकच्या कार्डात सीलबंद असतं. सील फोडायचं नाही. धनत्रयोदशीला पूजा होते तीही प्लास्टिकवरूनच. लक्ष्मी आत, हळदकुंकू बाहेर.

एका वर्षी मी शहाणपणा केला. एका बँकेतून पाच ग्रॅमचं नाणं आणलं, सर्टिफिकेटसकट. पुढे गच्ची गळायला लागली तेव्हा तेच घेऊन परत गेलो. काउंटरवरच्या बाई समजुतीनं म्हणाल्या, "काका, आम्ही फक्त विकतो. परत घेत नाही." रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे म्हणे. मग आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेलो. त्यांनी सर्टिफिकेटकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आईंना सांगितलंय?"

नाणं घेऊन घरी आलो. गच्चीवर ताडपत्री टाकली.

त्याच पावसाळ्यात पाहुण्यांना घेऊन नाशिकच्या पांडवलेण्यांवर जाणं झालं. तिथे दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. दिलेल्या दानाचा हिशेब त्यानं दगडात कोरून ठेवलाय : ७०,००० कार्षापण, म्हणजे ३५ ला एक या दरानं २,००० सुवर्ण. कार्षापण चांदीचे, सुवर्ण म्हणजे सोन्याचं नाणं. म्हणजे नाशकात सोन्याचा भाव तेव्हाही लोकांना तोंडपाठ असणार. नाहीतर दानाच्या लेखात तो कोण कशाला घालेल? आता आमच्या घरी तो मोबाइलवर दिवसातून चारदा बघितला जातो आणि चारदा वेगळा निघतो.

घरी येऊन आईला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पस्तीस? मग तेव्हाच घेऊन ठेवायला हवं होतं."

कुणाला खात्री करून घ्यायची असेल तर लेणं क्रमांक १०. पायऱ्या बऱ्याच आहेत, सकाळी लवकर जा. भाव अजून तोच लिहिलेला आहे.