कुंपणावरची वाटी

दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, त्या दिवसांत शेजारच्या काकूंची वाटी कुंपणावरून आली की तिच्यात अनारसे असायचे. पंधरा वर्षांचा शिरस्ता. यंदा पोपटाच्या शेंगांच्या वेलातून वाटी अलीकडे आली न मी झाकण उघडून पाहते तर मोड आलेले मूग, वरून कांदा न सांबार. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या एका पाहुणीला मी एकदा "सांबार निवडून दे" म्हटलं होतं, ती बिचारी पातेलं शोधत बसली.)

"काकू, हे काय? अनारसे?"

"अनारसे केलेच नाही जी. बुढ्याले शुगर निघाली न! केले असते तं रात्री उठून डबा चाचपला असता त्यानं."

झालं. माझा झाडू जागीच थांबला. आमगावात आमच्या ओळीतल्या घरांच्या सांदवाड्या, म्हणजे मागची अंगणं, एकमेकींना चिकटून आहेत. पुढच्या दारानं पाहुणे येतात, बातमी मागूनच येते.

"निघाली कशी पण?"

"अवो, ते आशाताई नाही का, फारम घेऊन आली. मले म्हने, काकू, कंबर मोजू द्या. म्या म्हटलं, काहून वो, ब्लाऊज शिवतं का? तं म्हने, नाही, शुगर-बीपीचे नंबर लावाचे हायत."

तो फॉर्म मला माहीत आहे. आशा कार्यकर्त्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा भरतात. वय, तंबाखू, दारू, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का, अंगाला हालचाल किती, आणि कंबर. बाईची कंबर 80 सेंटीमीटरपर्यंत असली तर गुण शून्य, 90 च्या वर गेली की 2. पुरुषांना दहा-दहा सेंटीमीटरची सवलत. सगळी बेरीज 4 च्या वर गेली की तपासणीला आधी पाठवतात. ज्या परीक्षेत कमी गुण मिळाले म्हणून पेढे वाटावेत अशी ही एकच परीक्षा.

"माह्यी कंबर 92 निघाली," काकू आवाज खाली आणत म्हणाल्या. "तिचे 2, वयाचे 3. झाले न 5! गेली उपकेंद्रात. हा बुढा नुसता सोबत आलता, खुर्चीवर बसून मले हासत होता. तेथल्या पोरीनं त्याच्याही बोटाले सुई लावली. माह्यी निघाली चांगली, न हासनाऱ्याची निघाली 280."

मी हसू दाबलं. दाबलं म्हणजे दाबायचा प्रयत्न केला.

मग नागपूरच्या जावयानं मोबाइलवर दीक्षित डॉक्टरांचं भाषण लावून दिलं. महाराष्ट्रात आता कोणत्याही लग्नाच्या पंगतीत एक तरी 'दीक्षितवाला' सापडतोच. डॉ. जगन्नाथ दीक्षित हे वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रतिबंध शिकवणारे प्राध्यापक. कडकडून भूक लागेल तेव्हा जेवा, दिवसातून दोनदाच, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा आणि रोज 45 मिनिटं चाला, हे ते फुकटात सांगत गावोगाव फिरले. मूळ विचार मात्र आपल्याच बाजूचा, काटोलच्या श्रीकांत जिचकारांचा. डिग्र्यांचा ढीग लावणारे ते जिचकार. 2004 मध्ये अपघातात गेले, पण त्यांची 'दोनदा जेवा' ही गोष्ट मागे राहिली. दीक्षित डॉक्टर स्वतःच त्यांचं नाव घेऊन सांगतात.

"मंग काकाजींनी धरलं का ते?"

"धरलं म्हंजे! घड्याळ घेऊन बसते जेवाले. पंचावन मिनिटांत आटपा म्हनलं तं बुढा पुरे पंचावन मिनिटं जेवते! उठा म्हटलं का म्हने, अजून बारा मिनिटं बाकी हायत."

इथवर ठीक होतं. पण धानकापणीच्या वेळी काकाजींनी डॉक्टरची गोळी सकाळी घेतली, आणि "भूक नाही" म्हणून जेवण दुपारवर टाकलं. धानाच्या बांधीत गेले न घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. कापणीवाल्या बायांपैकी एकीच्या माहेरी ही बिमारी होती, तिनं चहाची साखर पाण्यात ढवळून पाजली.

"घरातून जे साखर हाकलली, तिनंच वाचवलं," काकू म्हणाल्या. गोळी देणारे डॉक्टर मग चिडले. गोळी चालू ठेवून जेवण कापायचं नसतं, आधी विचारायचं असतं. गोळी कमी करायची की जेवण, हे रक्त तपासून ठरतं. दीक्षितांच्या पद्धतीतही आधी तपासणी, मग सुरुवात, असंच आहे. पण मोबाइलवरचं भाषण माणूस आपल्या सोयीच्या जागी थांबवतो.

तेवढ्यात पल्याडची वयनी धुणं वाळत घालता घालता आलीच. तिच्यापासून काही लपत नाही.

"काकू, भात सोडा म्हनावं काकाजीले. पोळ्या खा म्हनावं."

"सोडला न! आठ दिवस सोडला. धा धा पोळ्या हानल्या. शुगर तेथंच!"

इथे मात्र मला बोलावंच लागलं. माझी मुलगी नागपूरला नर्स आहे, ती शिकवते आणि मी कुंपणावर खपवते. 2025 च्या सप्टेंबरात देशभरातल्या लोकांच्या खाण्याचा मोठा अभ्यास छापून आला, आयसीएमआरचा. आपल्या ताटातली जवळपास 62 टक्के ऊर्जा भात-पोळी-साखरेतून येते, असं त्यात निघालं. आणि गंमत अशी की पांढरा भात काढून तिथे तेवढीच गव्हाची नाहीतर ज्वारी-बाजरीच्या पिठाची भाकर ठेवली, तर धोका कमी होताना दिसला नाही. ढीगच कमी करून तिथे डाळ, दही, अंडं, मासळी असं काही आलं, तर दिसला.

"म्हंजे भाताचा दोष नाही?" काकूंचा चेहरा उजळला. धानाच्या जिल्ह्यात भाताला नावं ठेवणं म्हणजे घरातल्या माणसाला नावं ठेवण्यासारखं.

"दोष ढिगाचा. आपण भाताचा डोंगर करतो, मधे आळं करतो, न आळ्यात वरण. उलटं करायचं. वाटीभर घट्ट वरण, न त्यात भात."

"वरनात भात!" वयनी तोंडाला पदर लावून हसली. "पाव्हने पाहतीन तं म्हनतीन, धान पिकलं नाही वाट्टे यंदा!"

खरं तर आपल्याकडे सगळं दारातच आहे. धानाच्या धुऱ्यावर तूर लावतात ती कशाला? तळ्यात मासळी, बांधीत लाखोळीची डाळ, कुंपणावर पोपट, पावसाळ्यात तरोट्याची भाजी न सात्या, म्हणजे अळंबी. पण ताटात त्यांची जागा चव लावण्याएवढीच, करंगळीभर. काकूंनी मूग आधी, भाजी मग, आणि भात शेवटी वाढायला सुरुवात केली आहे. शेवटी पोटात जागाच कमी राहते. ही युक्ती मला कोणत्याही भाषणापेक्षा आवडली.

वयनीच्या बचत गटातल्या सात जणी आता पहाटे कालव्याच्या पाळीवरून चालतात. चालताना चालतं ते तोंड, पाय मागून येतात. तरी मी हसत नाही. चेन्नईकडे डॉक्टरांनी काठावरच्या शुगरवाल्या 531 लोकांना घेऊन तीनेक वर्षं पाहिलं होतं. नुसता नेहमीचा सल्ला दिलेल्यांपैकी शंभरात 55 जणांना पक्की शुगर झाली. चालणं न खाणं नीट पाठपुरावा करून बदललेल्यांत 39 जणांना. औषधाशिवाय. तिथे पाठपुरावा करायला पगारी माणसं होती. आमच्याकडे वयनी आहे.

"बरं झालं आठवलं," वयनी कुंपणाजवळ सरकली. "काल रेल्वे फाटकाजवळच्या टपरीवर काकाजी दिसले मले. दोन कप. साखरेचे."

काकूंनी घराकडे वळून असा आवाज दिला की पेरूवरचे पोपट उडाले. आतून खोकल्याशिवाय उत्तर आलं नाही.

वाटी रिकामी परत द्यायची नसते. मी घरात जाऊन पाहिलं तर डब्यात शेवेचे लाडू न शंकरपाळे. घेतले, ठेवले. शेवटी बाहेर येऊन वेलाच्या चार मुठी शेंगा तोडल्या, वाटीवर रचल्या न पलीकडे दिल्या.

काकूंनी शेंगा चाचपल्या, वेलाचं बूड कुठल्या बाजूला आहे ते वाकून पाहिलं.

"का जी बाई, आमच्याच वेलाच्या शेंगा आमालेच?"