ऐकणारे हवेत

दिल्लीत मराठी माणसं कमी आहेत असं म्हणतात. मराठी कवी कमी आहेत, असं मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आमच्या मासिक कट्ट्यावर माणसांपेक्षा कविताच जास्त जमतात, कारण ‘दोनच आहेत, छोट्या’ म्हणणारा हमखास चार आणतो. कट्टा फिरता: कधी द्वारका, कधी गुरुग्राम, कधी नोएडा. वाचनाचा क्रम ज्येष्ठतेने लागत नाही, मेट्रोने लागतो. नोएडाला बैठक असली की गुरुग्रामवाल्यांना आधी वाचू द्यायचं. त्यांना बॉटनिकल गार्डनला गाडी बदलायची, पुन्हा हौज खासला बदलायची. ते वाचतात, पोहे संपवतात आणि निघतात. उरलेल्यांचं ऐकायला उरलेलेच.

हे व्हावं तेही कुठे, तर दिल्लीत! जुन्या मुशायऱ्यांत शमा ज्याच्यापुढे येई त्याने वाचायचं, आणि रीत अशी की नवशिके आधी, उस्ताद शेवटी. म्हणजे थोरामोठ्यांना मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या गझला ऐकत बसणं भागच. ऐकणंही नुसतं नव्हे; आवडलेला मिसरा श्रोत्यांनी उचलायचा, पुन्हा म्हणून दाखवायचा. खुद्द बहादूरशहा जफर आपल्या रचना जौककडून तपासून घेत असे, आणि १८५४ साली जौक गेल्यावर ते काम गालिबकडे आलं. बादशहाला दुरुस्ती चालत होती. आमच्या एका निवृत्त अवर सचिवांना वेलांटीसुद्धा बदललेली खपत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या टिपणींवर शेरे मारलेला माणूस तो. फाइल आपल्या टेबलावरून पुढे गेली की विषय संपला.

आणि आमची दाद? कविता संपते. थोडा वेळ कुणी काही बोलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘छान आहे, पण...’ त्या ‘पण’नंतर बहुधा ऱ्हस्व-दीर्घ येतं. ‘वा!’ म्हणायला आपला मराठी माणूस इतका का बिचकतो, कोण जाणे. उचलून धरायचं ते फक्त गाण्याच्या बैठकीत, असा बहुतेक करार आहे.

हल्ली कविता मोबाइलवरून वाचतात. मागच्या खेपेस द्वारकेच्या वहिनी विरहाची कविता वाचत होत्या. चष्मा नाकावर, फोन हातभर लांब, अंगठ्याने ओळी वर सरकवणं चालू. ऐन मोक्याला पडद्यावर घरचा निरोप उगवला आणि त्याच लयीत, त्याच व्याकूळ स्वरात त्या वाचून गेल्या, ‘येताना मदर डेअरीचं दही आण.’ कुणीही हसलं नाही. त्या दिवशी मला कळलं, की मान डोलावणं वेगळं आणि ऐकणं वेगळं.

पुण्यात १९२३ साली रविकिरण मंडळ निघालं. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी चहाच्या जोडीने कविता एकमेकांना वाचून दाखवत. त्यांच्या कवितेची अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये यथेच्छ टर उडवली. ते मंडळ भाग्यवान, असंच मी म्हणेन. विडंबन करायला मूळ कविता कान देऊन ऐकावी लागते, तिची लकब पकडावी लागते. आमची चेष्टा करण्याइतकंही कुणी लक्ष दिलेलं नाही.

दिल्लीत पहिलं मराठी साहित्य संमेलन १९५४ साली झालं. अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, उद्घाटक पंडित नेहरू. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ उजाडावा लागला. तालकटोरा स्टेडियममध्ये तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली तीन दिवस मराठीचा जो गजर झाला, त्याने इथल्या माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आमच्या कट्ट्यालाही त्याचा लाभ झाला, बरीच नवी मंडळी आली. सगळी कवीच निघाली, एवढंच.

तेव्हा वाचकहो, दिल्लीत बदलून आला असाल, मुलांकडे राहायला आला असाल, तर जवळच्या मराठी कट्ट्याचा पत्ता काढा आणि अवश्य या. पोहे असतात, थंडीत त्यात मटारही असतात. कविता करत नसाल तर तुमचं आगतस्वागत जरा जास्तच होईल. करत असाल तरी या, पण पहिल्या खेपेला वही घरी ठेवा आणि शेवटचा कवी वाचून होईपर्यंत बसा. तो बहुधा यजमान असतो.