टाकी ते टाकी

मंगल कार्यालयात पहिली पंगत उठायच्या आत ॲव्हरेजबहाद्दराने तीन पाहुणे गाठलेले असतात. मुलगा काय करतो, मुलगी कुठे दिली, हे खातं बायकोकडे. याचा प्रश्न एकच, ‘‘तुमची किती देते?’’ समोरचाही तयारीचा असतो. ‘‘हायवेला बावीस, सहज!’’ उत्तरात ‘सहज’ आलं की चार वजा करायचे आणि ‘आरामात’ आलं की पाच, हा त्याचा मुरलेला हिशोब.

हा प्राणी नागपूर-नाशकातही आढळतो, पण कोथरूडच्या नमुन्याला एक खास सोय आहे. कंपनीच्या ॲव्हरेजच्या ज्या आकड्यावर त्याचा राग, तो ठरवणारी संस्था त्याच्या सकाळच्या फिरण्याच्या वाटेवर आहे. 1966 साली स्थापन झालेल्या ‘एआरएआय’वरून टेकडीलाच लोक एआरएआय टेकडी म्हणतात. तिथल्यासारख्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी राहते, चाकं जागच्या जागी फिरतात आणि ठरलेल्या बरहुकूम वेग वाढवत-कमी करत साधारण 1,180 सेकंदांत परीक्षा उरकते. वेग 90च्या पुढे नाही, एसी बंद. पेट्रोलही मापाने मोजत नाहीत. धुराड्यातून बाहेर पडलेल्या वायूंतल्या कार्बनवरून किती जळलं ते काढतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, आणि गाड्यांची आपसात तुलना करायला ती हवीच. बहाद्दराचं म्हणणं एवढंच, की त्या रोलरवर एकदा संध्याकाळी सातचा सिंहगड रोड अंथरून दाखवा.

म्हणून तो स्वतः मोजतो, टाकी ते टाकी. टाकी फुल्ल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, गाडी पळवायची, पुन्हा फुल्ल करायची. किलोमीटर भागिले लिटर. ऐकायला सोपं आहे. पण पंप तोच हवा, मशीन तेच हवं आणि गाडी त्याच कोनात उभी हवी. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं. पेट्रोल तिथवर चढलं की आत जाणारी हवा अडते आणि खटका पडतो. गाडी जरा कलती असली किंवा नोझल थोडं बाहेर राहिलं, की खटका मागेपुढे होतो. तीस लिटरमागे एका लिटरची चूक म्हणजे ॲव्हरेजमध्ये अर्ध्या किलोमीटरचा फरक, आणि अर्ध्या किलोमीटरसाठी तर त्याने मित्राशी अबोला धरलेला आहे.

‘‘साहेब, झीरो बघून घ्या,’’ पंपावरचा पोरगा म्हणतो. साहेब खाली उतरून, चष्मा कपाळावर चढवून, डोळे मीटरला लावूनच उभे असतात. खटका पडतो. 3,271 रुपये.

‘‘राउंड फिगर करू? तेहेतीसशे?’’

‘‘हात लावू नकोस!’’ मागच्या रांगेतले दुचाकीवाले दचकतात. त्या पोराला कसं कळावं, की एकोणतीस रुपयांच्या पेट्रोलने अख्ख्या महिन्याचं संशोधन पाण्यात गेलं असतं.

मग डॅशबोर्डच्या खणातून बँकेने फुकट दिलेली डायरी निघते. तारीख, रीडिंग, लिटर, दर, टायरची हवा आणि शेरा. ‘सासूबाई + सामान’ असाही एक शेरा आहे. गाडीच्या पडद्यावरचा आकडा त्याला पटत नाही, कारण तो डायरीपेक्षा एखाद-दीड किलोमीटरने कायम उदार असतो. लग्नात मात्र तो पडद्यावरचाच आकडा सांगतो.

काटकसरीची त्याची शास्त्रं वेगळी. पलीकडच्या पंपावर वीस पैसे स्वस्त म्हणून तो चार किलोमीटर जातो आणि चार परत येतो. पस्तीस लिटरवर सात रुपये वाचतात, जाण्यायेण्यात अर्धा लिटर जळतं. हा खर्च डायरीत नाही. पेट्रोल पहाटेच भरायचं, थंडीत ते दाट असतं म्हणून. जमिनीखालच्या टाकीला पहाट-दुपार फारशी कळत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी न्यूट्रल. वास्तविक, आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर इंजिनाचं पेट्रोल बंदच होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. शिवाय त्या उतारावर न्यूट्रलमध्ये सुटलेल्या ट्रकांनी काय केलंय, ते पुण्यात कोणाला सांगायला नको. इथे विनोद थांबतो. बायकोने हात धरून गिअर टाकायला लावावा हे बरं.

डायरीला खरा धक्का दिला तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षातल्या भाचीने. मामांनी शहरातले 10 आणि हायवेचे 20 मिळवून सरासरी 15 काढली होती. ‘‘मामा, दोन्हीकडे तीनशेच किलोमीटर ना? मग एकदा तीस लिटर लागलं, एकदा पंधरा. सहाशे भागिले पंचेचाळीस. तेरा पॉइंट तीन.’’ मामांनी कॅल्क्युलेटर पालथा ठेवला आणि हल्लीच्या कॉलेजांत काय शिकवतात, याची चौकशी सुरू केली.

अलीकडे त्याला नवा शत्रू मिळालाय, ई-20. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणजे वीस टक्के मिसळलं की कागदावर सहा-सात टक्क्यांचा फटका. प्रत्यक्षात तो गाडीगणिक कमी-जास्त. सोळाचे पंधरा झाले, की डायरीत लाल शाईने ‘ऊस’ असा शेरा पडतो. इथेनॉल मक्यापासून आणि तांदळापासूनही होतं, पण लाल शाई उसावरच, कारण सांगली जिल्ह्यातला मेहुणा कारखान्याला ऊस घालतो. ‘‘दाजी, गाडी तुमची, पण आता चालते आमच्या फडावर,’’ असं तो दिवाळीला जेवताना म्हणाला, तेव्हा दाजींनी श्रीखंडाची वाटी बाजूला सरकवली.

शेवटी गाडी विकायची ठरली. गिऱ्हाईक आलं, बॉनेटवर दोन थापा मारून म्हणालं, ‘‘ॲव्हरेज किती देते?’’ आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो दारात आला होता. बहाद्दराने सगळ्या डायऱ्या टेबलावर मांडल्या. एकूण किलोमीटर, एकूण लिटर, भाचीच्या पद्धतीने काढलेला खराखुरा आकडा, 14.8.

गिऱ्हाइकाने चार पानं उलटली, चहा संपवला आणि जिना उतरता उतरता सोबतच्या मित्राला म्हणालं, ‘‘एवढं लिहून ठेवलंय म्हणजे गाडीत काहीतरी लफडं असणार.’’