प्रिय कै., तुमची आठवण येते

आमच्या मेहुण्यांचं पेठेत लोणची-फराळाचं दुकान आहे. यंदा दिवाळीच्या तोंडावर भाच्याने जाहीर केलं, "मामा, आता फलकबिलक बंद. ईमेल मार्केटिंग!" त्याने दाखलाही दिला. 3 मे 1978 रोजी अमेरिकेत डेक या संगणक कंपनीच्या गॅरी थर्कने चारेकशे लोकांना न विचारता जाहिरातीचा ईमेल पाठवला. लोक खवळले, पण त्याच्याच सांगण्याप्रमाणे त्यातून सव्वा कोटी डॉलरच्या वर माल खपला. खवळण्याचा भाग भाचा घाईत बोलला.

पत्ते कुठून आणायचे? मेहुण्यांनी थोरलीच्या लग्नातली निमंत्रितांची यादी काढली. पत्रिका मेलनेही गेली होती, त्यामुळे अकराशे पत्ते आयते मिळाले. मी म्हटलं, डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा आहे. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची, नाहीतर संमती हवी. मेहुणे म्हणाले, "संमती? अहो, जेवून गेलेत!"

मेहुणे नेटके गृहस्थ. लग्नानंतर जे जे गेले, त्यांच्या नावाआधी त्यांनी न विसरता 'कै.' लिहिलं होतं. भाच्याच्या संगणकाने प्रत्येक ओळीतला पहिला शब्द म्हणजे नाव, असं धरलं. त्यामुळे एका मिनिटात चारशे बायकांना मेहुण्यांच्या नावाने 'प्रिय सौ.' असा मेल गेला. ताई दोन दिवस बोलली नाही. आणि बावीस जणांना गेलं: 'प्रिय कै., बरेच दिवसांत फिरकला नाहीत. तुमची आठवण येते. परत या, दहा टक्के सूट!'

त्यातल्या नऊ कैलासवासींनी मेल उघडला, असं भाचा अभिमानाने सांगत होता. घरच्यांनी उघडला असेल म्हणावं, तर निदान दोघांचं खातं कुणी बघतच नाही. मेलमध्ये एका ठिपक्याएवढं न दिसणारं चित्र असतं. ते मागवलं गेलं की मेल उघडला असं धरतात. पण 2021 पासून ॲपलचं मेल-ॲप, माणसाने तशी परवानगी दिली असेल तर, ते चित्र स्वतःच आधी मागवून ठेवतं, मग मेल कुणी वाचो न वाचो. बऱ्याच कंपन्यांच्या 'उघडले'च्या आकड्यांत असे किती जण बसलेत, देव जाणे. एकाही कैलासवासीने चकलीची ऑर्डर दिली नाही, एवढं गल्ल्यावरून कळलं.

ताईने मात्र गेल्या वर्षीच्या वहीतल्या चाळीस घरांना फोन केला. "भाजणी दळायला देतेय, तुमची किती धरू?" भाजणी संपली. भाच्याच्या मते याला मार्केटिंग म्हणत नाहीत.

तो आता दिवसाला पाच मेल पाठवतो. अकराशे पंचे साडेपाच हजार, आणि सगळे जीमेलवाले. दिवसाला पाच हजारांच्या वर गेलं की गूगलच्या लेखी तुम्ही मोठे व्यापारी. फेब्रुवारी 2024 पासून अशांना एका टिचकीत नाव काढायची सोय द्यावी लागते, आणि 'स्पॅम' म्हणून तक्रारी हजारी तीनच्या खाली ठेवाव्या लागतात. हजारांत तीन, आणि तेही पुण्यात!

तेव्हा वाचकहो, विनंती आहे. तुम्हालाही 'प्रिय श्री.' आला असेल तर 'स्पॅम' दाबू नका, 'नाव काढा' दाबा. दिवसाला सोळा तक्रारींपर्यंत निभावतं. आज दुपारपर्यंत पंधरा झाल्या आहेत, आणि त्यातली एक माझी आहे.